हरण्याची ऐपत

पुणे वॉरियर्स या संघाने आयपीएलचे तीन हंगाम खेळले. सामने 46. जिंकले 12, हरले 33, एक दिल्लीत पावसात गेला. 2011 मध्ये दहा संघांत नववा, 2012 मध्ये नऊ संघांत नववा, 2013 मध्ये नऊ संघांत आठवा. चौथा हंगाम आलाच नाही. संघ हरत गेला म्हणून बंद पडला, असं सर्रास सांगितलं जातं. मला हे कारण पटत नाही. उलट ते मान्य करणं धोक्याचं वाटतं, कारण परभणीपासून पाथरी, जिंतूर, गंगाखेडपर्यंत गावोगाव ज्या ‘प्रीमियर लीग’ भरू लागल्या आहेत, त्या याच समजुतीवर उभ्या आहेत: पैसा ओता, चांगली पोरं विकत घ्या, जिंका, की बाकी सगळं आपोआप टिकतं.

पुण्याच्या बाबतीत पैसा ओतण्यात तर काहीच कमी नव्हती. 21 मार्च 2010 रोजी चेन्नईत बोली झाली आणि सहारा समूहाने पुण्यासाठी 37 कोटी डॉलर, म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने सुमारे 1,702 कोटी रुपये मोजायचं कबूल केलं. दोनच वर्षांपूर्वी रिलायन्सने मुंबईसाठी 11 कोटी 19 लाख डॉलर मोजले होते. तिपटीहून जास्त. ही रक्कम दहा वर्षांत हप्त्याहप्त्याने द्यायची होती, आणि हिशेब धरला होता हंगामाला 94 सामन्यांचा. प्रत्यक्षात 2011 मध्ये 74 सामने झाले. सामने कमी झाले, मग फीही कमी करा, असं मालकाचं म्हणणं; ते भारतीय क्रिकेट मंडळाला मान्य होईना. म्हणजे पहिला चेंडू पडून वर्ष व्हायच्या आत मालक आणि मंडळ हिशेबाच्या वहीवर भांडत होते. पुण्याच्या संघाचं घरचं मैदान तेव्हा पुण्यात नव्हतंच, ते नेरुळला डी. वाय. पाटील स्टेडियमवर होतं, कारण पुण्याजवळच्या गहुंजेच्या स्टेडियमचं बांधकाम अपुरं होतं.

मैदानावरची कहाणी सुरुवातीला वाईट नव्हती. 2011 मध्ये पहिले दोन्ही सामने जिंकले. मग ओळीने सात हरले. कर्णधार युवराज सिंग त्याच वर्षी विश्वचषकाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. पुढच्या हंगामाच्या तोंडावर त्याला कर्करोगाच्या उपचारांसाठी अमेरिकेत जावं लागलं. त्याच्यावर खर्ची पडलेली रक्कम लिलावात वापरू द्या, ही सहाराची मागणी मंडळाने नाकारली, आणि 4 फेब्रुवारी 2012 रोजी, ऐन लिलावाच्या दिवशी, सहाराने आयपीएलमधून अंग काढून घेत असल्याचं जाहीर केलं. काही दिवसांनी समेट झाला. पण लिलाव हातचा गेला तो गेलाच. सौरव गांगुली कर्णधार झाला. वानखेडेवर मुंबईला हरवून हंगाम सुरू झाला आणि शेवटचे नऊ सामने ओळीने हरून संपला. आपला मालक उद्या असेल की नाही हे ज्या खेळाडूंना ठाऊक नाही, त्यांच्याकडून अखेरच्या षटकातल्या थंड डोक्याची अपेक्षा कशी करायची?

2013 मधला एक सामना मात्र जरा जवळून पाहण्यासारखा आहे. 23 एप्रिल, बंगळुरू. पुण्याचा त्या दिवशीचा कर्णधार अॅरन फिंच. नाणेफेक जिंकून त्याने क्षेत्ररक्षण घेतलं. पुढे काय झालं ते शेंबडं पोरही सांगेल: ख्रिस गेल, 30 चेंडूंत शतक, 66 चेंडूंत नाबाद 175, षटकार 17. बंगळुरूच्या 5 बाद 263, पुण्याचा 130 धावांनी पराभव. फिंचने स्वतः एक षटक टाकून पाहिलं, त्यात 29 गेल्या. पण त्या धावफलकाची गोलंदाजीची बाजू कुणी वाचत नाही. तिथे एका ओळीत लिहिलं आहे: भुवनेश्वर कुमार, 4 षटकं, 23 धावा. दुसऱ्या टोकाकडून चेंडू स्टँडमध्ये जात असताना मेरठचा हा तेवीस वर्षांचा पोरगा षटकामागे सहासुद्धा धावा देत नव्हता. संघ बुडाल्यावर तो हैदराबादने घेतला. 2016 आणि 2017, लागोपाठ दोन वर्षं तो आयपीएलचा सर्वाधिक बळी घेणारा गोलंदाज ठरला आणि 2016 मध्ये हैदराबादने विजेतेपद मिळवलं. माल पुण्याकडे होता. थांबायची तयारी नव्हती.

शेवटचा सामना 19 मे 2013 रोजी गहुंजेला झाला, तो पुण्याने जिंकला. मंडळाने थकलेल्या फीपोटी बँक हमी वटवली आणि 21 मे रोजी सहाराने आयपीएल सोडत असल्याचं जाहीर केलं. ऑक्टोबरमध्ये मंडळाने करार रद्द केला. यातलं काहीही खेळपट्टीवर घडलेलं नाही. त्याआधी ऑगस्ट 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाराला गुंतवणूकदारांचे 24 हजार कोटींहून अधिक रुपये परत करायला सांगितले होते. अशा मालकाचा संघ सगळे सामने जिंकला असता तरी हप्ता कुठून आला असता?

पुरावा हवा असेल तर पुण्याच्याच दुसऱ्या संघाचा आहे. 2016 मध्ये रायझिंग पुणे सुपरजायंट्स आला, करार मुळातच दोन वर्षांचा. धोनीसारखा कर्णधार असूनही पहिल्या वर्षी आठांत सातवा. ते वर्ष आपल्याला विसरता येणार नाही: मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं त्याच आठवड्यात मुंबई उच्च न्यायालयाने 30 एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितले, आणि पुण्याचं घर विशाखापट्टणमला गेलं. (मराठवाड्याच्या दुष्काळाचा आयपीएलवर झालेला हा बहुधा एकमेव परिणाम.) दुसऱ्या वर्षी धोनीचं कर्णधारपद काढलं, स्टीव्ह स्मिथ आला, आणि 21 मे 2017 रोजी हैदराबादच्या अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध हा संघ अवघ्या एका धावेने हरला. तरीही तो बंद झाला. पहिला संघ तळाला राहून गेला, दुसरा शिखराला हात लावून गेला. हार-जीत हे कारण असतं तर दोघांचं नशीब एक नसतं.

ठोक्यानं केलेल्या रानात कुणी शेणखत टाकत नाही, बांधही धरत नाही. एक-दोन हंगाम निघाले की रान मालकाला परत. आपल्याकडच्या बहुतेक लीग अशाच ठोक्यावर चालल्या आहेत.

यात परभणीचा संबंध काय, असं कुणी विचारेल. संबंध सरळ आहे. मुंबई आणि विदर्भाच्या संघटना वेगळ्या; परभणीचं क्रिकेट पुण्याच्या महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनकडे येतं. गहुंजेचं स्टेडियम याच संघटनेने कर्ज काढून बांधलं. 1 एप्रिल 2012 रोजी त्याचं उद्घाटन झालं, सहाराच्या प्रमुखांचं नाव दिलं गेलं, आणि कबूल केलेला पैसा थांबल्यावर 2013 मध्ये ते उतरलं. कर्ज मात्र उतरलं नाही. 2018 मध्ये जवळपास 70 कोटींच्या थकबाकीपोटी बँक ऑफ महाराष्ट्रने स्टेडियमचा प्रतीकात्मक ताबा घेतला. मालक गेला, खेळाडू दुसरीकडे गेले, परदेशी प्रशिक्षक मायदेशी गेले. मागे राहिली ती संघटना, म्हणजे तिच्यातले जिल्हे. ज्या घरात हप्ते थकले होते तिथे परभणीच्या सोळा वर्षांखालच्या पोरांना टर्फ विकेट मिळावी की मॅटिंगवरच भागवावं, हा प्रश्न कितव्या नंबरावर असणार, ते वेगळं सांगायला नको.

जगात हरणारे संघ सगळीकडे असतात. बर्फावरची हॉकी हा मे महिन्यात चव्वेचाळीस अंशांवर जाणाऱ्या परभणीला समजायला अवघड खेळ, पण तिथलं एक उदाहरण घेण्यासारखं आहे. वॉशिंग्टन कॅपिटल्स हा अमेरिकेतला व्यावसायिक संघ 1974-75 मध्ये पहिल्यांदा उतरला. 80 सामन्यांत 8 विजय, 67 पराभव, 5 बरोबरी. दुसऱ्याच्या मैदानावर पूर्ण हंगामात एकच विजय. तो मिळाला तेव्हा खेळाडूंनी चषकाऐवजी कचऱ्याचा डबा डोक्यावर धरून मिरवला म्हणे. पुणे वॉरियर्स यांच्यापुढे चॅम्पियन वाटावा. तो संघ आजही आहे. त्या लीगमध्ये नव्या खेळाडूंची निवड होते तेव्हा तळाच्या संघांना आधी संधी मिळते. 2003-04 चा असाच एक पडका हंगाम गेल्यावर कॅपिटल्सला पहिली निवड मिळाली, त्यांनी अलेक्झांडर ओवेचकिन घेतला, आणि चौदा वर्षांनी, 2018 मध्ये, त्याच्याच कप्तानीत स्टॅनले चषक जिंकला. तिथेही सगळं आलबेल नाही; अटलांटा शहराने असे दोन संघ गमावले आहेत, एक 1980 मध्ये, दुसरा 2011 मध्ये. पण पराभवाची काहीतरी सोय त्या व्यवस्थेत केलेली आहे.

तेवढ्या लांब जायचीही गरज नाही. प्रो कबड्डीत पुणेरी पलटण पहिल्या दोन्ही हंगामांत, 2014 आणि 2015 मध्ये, तळाला होती. आठांत आठवी. मालक टिकले, संघ टिकला, तरुण पोरांवर भर दिला. 2022 मध्ये पलटण अंतिम सामना हरली आणि 1 मार्च 2024 रोजी नगर जिल्ह्यातल्या अस्लम इनामदारच्या नेतृत्वाखाली हरियाणाला 28-25 असं हरवून विजेती झाली. पहिल्या हंगामापासून दहा वर्षं लागली.

याहून बोलकं उदाहरण त्याच 2013 च्या हिवाळ्यातलं आहे. इकडे पुणे वॉरियर्सचा करार रद्द होत होता, तिकडे महाराष्ट्राचा रणजी संघ, जो तेव्हा खालच्या ‘क’ गटात पडलेला होता, तो उठला. केदार जाधवने त्या हंगामात 1,223 धावा केल्या. पैठणचा अंकित बावणे त्या संघात होता. जालन्याच्या विजय झोलने प्रथम श्रेणीच्या पदार्पणातच द्विशतक ठोकलं. वानखेडेवर मुंबईला हरवून महाराष्ट्र उपांत्य फेरीत आणि मग अंतिम फेरीत गेला; फेब्रुवारी 2014 मध्ये हैदराबादला कर्नाटककडून हरला. त्या संघाचा कुणी मालक नव्हता, त्यामुळे तो सोडूनही कुणी जाऊ शकत नव्हतं. रणजी संघ हरला तर खालच्या गटात जातो, पण त्याचं नाव पुसलं जात नाही, आणि वर यायची वाट उघडी राहते. त्या वाटेने जालना आला, पैठण आलं. पुढे तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर आणि बीडचा सचिन धस एकोणीस वर्षांखालच्या विश्वचषकापर्यंत गेले.

आता आपल्या तालुक्यातलं चित्र. सोयाबीन निघालं, कापसाच्या वेचण्या उरकत आल्या, की डिसेंबर-जानेवारीत एखाद्या मंगल कार्यालयात लिलाव लागतो. पुढे सोफ्यावर मालक: गुत्तेदार, प्लॉटिंगवाले, कृषी केंद्रवाले, दोन-तीन होऊ घातलेले नगरसेवक. मागे प्लास्टिकच्या खुर्च्यांवर पोरं, आपलं नाव पुकारलं जायची वाट बघत. पडद्यावर फोटो, खाली बेस प्राइस, माइकवर ‘एक वार, दोन वार’. बाजूला मोबाईलवर थेट प्रक्षेपण. टेनिस चेंडूची स्पर्धा, आठ संघ, आठ रंगांचे टी-शर्ट, डीजे. मी याला नावं ठेवत नाही. पोरांना चार पैसे मिळतात, गावाला रात्रीचा विरंगुळा मिळतो, आणि ज्या पोराला कुणी विचारत नव्हतं त्याच्यावर बोली लागते तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

पण साखळीत तीन सामने हरलेल्या संघाचा मालक चौथ्या सामन्याला मैदानावर दिसत नाही. पुढच्या वर्षी त्याचा संघ नसतो, किंवा नाव बदलून दुसऱ्याचा असतो, आणि पोरं पुन्हा त्याच खुर्च्यांवर. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला यातून शिकायला मिळतं ते इतकंच की एक वाईट आठवडा म्हणजे आपली किंमत शून्य. स्पर्धा जिल्हा परिषदेच्या शाळेच्या मैदानावर होते. मांडवाचे खड्डे आणि ट्रकची चाकं त्याच खेळपट्टीवरून जातात, आणि जूनमध्ये शाळेची मुलं तिथे खेळायला येतात तेव्हा ती नीट करायला एकही मालक नसतो. गहुंजेचं कर्ज आणि हे खड्डे यांत फक्त रकमेचा फरक आहे.

यंदाच्या लिलावाआधी आयोजकांनी नियमांचं पान नव्याने लिहावं. मालकाने दोन वर्षांची रक्कम आधी भरावी, पहिल्या वर्षी संघ तळाला गेला तरी ती परत मिळणार नाही. निम्मे खेळाडू दुसऱ्या वर्षी कायम ठेवावेत. तळाच्या संघाला पुढच्या वर्षी पहिली निवड मिळावी. आणि बक्षिसाच्या रकमेतला ठरावीक वाटा स्पर्धा संपण्याआधीच शाळेच्या मैदानासाठी बाजूला काढावा. यावर दोन-तीन मालक म्हणतील, एवढी भानगड असेल तर मी संघच घेत नाही. घेऊ नये. आठच्या ऐवजी पाच संघांची स्पर्धा झाली तरी चालेल.