अँटीव्हायरस आपोआप सुरू होत नाही? आधी बघा, तो बंद कोणी केलाय

घरच्या कॉम्प्युटरवर अँटीव्हायरस आपोआप सुरू होईनासा झाला की बहुतेक जण एकच गोष्ट करतात. आयकॉनवर डबल क्लिक करून तो हाताने चालू करतात आणि कामाला लागतात. दुसऱ्या दिवशी परत तेच. मी सॉफ्टवेअर इंजिनियर असल्यामुळे नातेवाइकांकडून हा प्रश्न मला हमखास येतो आणि "कुठलं बटण दाबू ते सांग" एवढीच अपेक्षा असते. मी मात्र आधी उलटा प्रश्न विचारतो: तो बंद कोणी केला? २०२४ पासून विंडोजच्या जगात जे काही झालंय, ते बघता हा प्रश्न आता टाळण्यासारखा राहिलेला नाही.

अँटीव्हायरस साध्या ॲपसारखा नसतो

तुमच्या अँड्रॉइड फोनमध्ये 'ऑटोस्टार्ट' नावाची परवानगी पाहिली असेल. बॅटरी वाचवायला फोन काही ॲप मागे चालू देत नाही, मग व्हॉट्सॲपचे मेसेज उशिरा येतात. विंडोजवरच्या अँटीव्हायरसचं प्रकरण वेगळं आहे. २०१२ च्या विंडोज ८ पासून अँटीव्हायरसच्या एका छोट्या ड्रायव्हरला बाकीच्या बाहेरच्या ड्रायव्हर्सच्या आधी लोड व्हायची मुभा आहे. म्हणजे तुम्ही पासवर्ड टाकायच्या आधीच तो दारात उभा असतो. त्यानंतर मुख्य काम करणारी 'सर्व्हिस' सुरू होते, आणि सगळ्यात शेवटी घड्याळाजवळचा आयकॉन येतो.

त्यामुळे आयकॉन दिसत नाही म्हणजे संरक्षण बंद आहे, असं नाही. टास्क मॅनेजरच्या 'स्टार्टअप ॲप्स'मध्ये कोणी तो आयकॉन बंद केला असेल, तर सर्व्हिस मागे व्यवस्थित चालू असू शकते. उलटही होतं. आयकॉन दिसतोय, पण मागची सर्व्हिस बंद आहे. दुसरा प्रकार जास्त घातक, कारण सगळं ठीक चाललंय असं वाटत राहतं.

लवकर उठण्याची किंमत

दारात पहिलं उभं राहण्याचा हा हक्क किती महागात पडू शकतो, ते १९ जुलै २०२४ ला जगाने पाहिलं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचं एक सदोष अपडेट गेलं आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळ्या स्क्रीनवर अडकले. आपल्याकडेही विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. ते सॉफ्टवेअर कंपन्या वापरतात, म्हणून घरचे कॉम्प्युटर वाचले. पण बिघाड इतका हट्टी का ठरला, ते समजून घ्या. तो भाग विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, चालू होताना लोड व्हायचा. म्हणून रिस्टार्ट केलं की कॉम्प्युटर परत पडायचा. लोकांना एकेका मशीनसमोर बसून सेफ मोडमध्ये ती फाइल काढावी लागली.

त्यानंतर मायक्रोसॉफ्टने अँटीव्हायरस कंपन्यांना कर्नलच्या बाहेर काम करता येईल अशी नवी व्यवस्था आखायला घेतली आणि २०२५ मध्ये ती निवडक कंपन्यांना चाचणीसाठी दिली. हे बदल हळूहळू घरच्या कॉम्प्युटरपर्यंत येतील. तोवर एक साधा नियम पाळा: विंडोज अपडेट केलं की अँटीव्हायरसही अपडेट करा. मोठ्या विंडोज अपडेटनंतर जुनं व्हर्जन सुरूच न होणं हे नेहमीचं दुखणं आहे.

तीन संशयित

पहिला संशयित म्हणजे दुसरा अँटीव्हायरस. पुण्याचं क्विक हील टाका किंवा परदेशी कुठलं, बाहेरचा अँटीव्हायरस आला की विंडोजमधला डिफेंडर स्वतःहून बाजूला होतो. हे ठरवूनच केलेलं आहे. गोंधळ होतो तो नव्या लॅपटॉपवर आधीच आलेल्या ट्रायलमुळे, किंवा जुना अँटीव्हायरस अर्धवट काढल्यामुळे. मग दोघंही एकमेकांच्या भरवशावर झोपतात.

दुसरा संशयित म्हणजे वय. लायसन्स संपलेलं असतं. किंवा जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल उतरलेला असतो, त्यामुळे रोज सकाळी तारीख भलतीच दिसते. तारीख चुकली की लायसन्सची तपासणी आणि अपडेट दोन्ही अडकतात. दुकानात तो सेल अगदी कमी पैशांत मिळतो.

तिसरा संशयित म्हणजे मुद्दाम बंद करणारा. याच्याबद्दल तुमच्याशी जास्त बोलायचंय, कारण तो बहुतेक वेळा आपणच घरात आणतो. क्रॅक केलेला गेम, फुकट ऑफिस, विंडोजचा 'ॲक्टिव्हेटर'. या सगळ्यांच्या सूचनांमध्ये पहिली ओळ एकच असते: आधी अँटीव्हायरस बंद करा. ते पॅकेज मग स्वतःचं फोल्डर अपवादांच्या यादीत टाकून ठेवतं. तुम्ही नंतर अँटीव्हायरस चालू केलात तरी त्या फोल्डरकडे तो बघत नाही.

हे आता फार सोपं झालंय. मे २०२५ मध्ये एका संशोधकाने 'डिफेंडनॉट' नावाचं टूल बनवून दाखवलं. ते विंडोजला सांगायचं की मी एक नवा अँटीव्हायरस आहे. प्रत्यक्षात आत काहीच नाही, पण डिफेंडर शिस्तीत बाजूला व्हायचा. त्याच वर्षी अकिरा नावाच्या रॅन्समवेअर टोळीने प्रोसेसर ट्यून करायच्या एका खऱ्या टूलचा ड्रायव्हर वापरून डिफेंडर बंद केल्याचं समोर आलं. चोर आधी कॅमेरा झाकतो, तसंच हे.

कसं तपासायचं

१. आधी 'रिस्टार्ट' करा, 'शट डाउन' नको. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउनमध्ये विंडोज पूर्ण बंद होत नाही, रिस्टार्टमध्ये होतं. कधी कधी एवढ्यानेच काम होतं.

२. तारीख, वेळ आणि लायसन्स बघा.

३. विंडोज सिक्युरिटी उघडा, सेटिंग्जमध्ये 'मॅनेज प्रोव्हायडर्स'वर जा. तिथे नेमकं कोण पहारा देतंय ते दिसतं. तुम्ही न टाकलेलं नाव दिसलं तर सावध व्हा. दोन अँटीव्हायरस असतील तर एक ठेवा, आणि दुसरा त्याच्याच कंपनीच्या रिमूव्हल टूलने काढा.

४. डिफेंडरच्या सेटिंग्जमध्ये 'एक्सक्लूजन्स'ची यादी बघा आणि 'टॅम्पर प्रोटेक्शन' चालू आहे का ते पाहा. घरच्या कॉम्प्युटरवर "ही सेटिंग तुमचा ॲडमिनिस्ट्रेटर सांभाळतो" असा मेसेज आला, आणि तो कुठल्या ऑफिसला किंवा कॉलेजला जोडलेला नसेल, तर कोणीतरी आत हात घातलाय असं धरून चला.

५. तसा संशय आला तर डिफेंडरचा 'ऑफलाइन स्कॅन' चालवा. तो विंडोज पूर्ण सुरू व्हायच्या आधी तपासणी करतो, त्यामुळे लपलेल्या गोष्टींना त्याला अडवणं अवघड जातं. तोवर त्या कॉम्प्युटरवर नेट बँकिंग बंद. पासवर्ड बदला, पण दुसऱ्या, स्वच्छ डिव्हाइसवरून.

आणि विंडोज १० असेल तर?

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. डिफेंडरला नव्या व्हायरसची माहिती ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळत राहील असं मायक्रोसॉफ्टने सांगितलंय. त्यामुळे हिरवी टिक दिसत राहील आणि घरच्यांना वाटेल, सगळं ठीक आहे. पण पहारेकरी जागा असला तरी भिंतीला पडलेली भगदाडं तो बुजवू शकत नाही. ते काम विंडोजच्या सुरक्षा अपडेटचं.

कॉम्प्युटर विंडोज ११ घेत असेल तर अपग्रेड करा. घेत नसेल, आणि आठव्या पिढीआधीचे बहुतेक इंटेल प्रोसेसर अधिकृतपणे घेत नाहीत, तर 'विंडोज अपडेट'मध्ये जाऊन वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी करा. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर पहिल्या वर्षाचे, म्हणजे १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचे, अपडेट वेगळे पैसे न देता मिळतात.

घरात कॉम्प्युटर बाबांच्या नावावर असतो, त्यावर आईचं बँकेचं काम असतं, आणि गेम धाकट्याचा असतो. अँटीव्हायरस बंद करायचा निर्णय एकाचा असतो, नुकसान मात्र सगळ्यांचं होतं. म्हणून घरात ज्याला त्यातलं जरा कळतं, त्याने महिन्यातून एकदा वरच्या पाच गोष्टी बघाव्यात. पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे.