व्हिटाचे प्रेम नव्हे, तिचा वाडा

व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट या इंग्रज लेखिकेचे नाव निघाले की बोलणे तिच्या प्रेमप्रकरणांवर येते. १९२० साली ती व्हायोलेट ट्रेफ्युसिसबरोबर फ्रान्सला निघून गेली आणि दोघींचे नवरे विमानाने त्यांच्या मागे धावले. पुढे लेखिका व्हर्जिनिया वुल्फशी तिचे नाते जुळले. हे सारे खरेच आहे. पण तिच्या मनाला लागलेला सर्वांत खोल घाव कोणा माणसाने दिलेला नाही, तो वारसाहक्काच्या रिवाजाने दिला. केंटमधल्या नोल या अवाढव्य वाड्यात १८९२ साली ती जन्मली, आईबापांची एकुलती एक. तरीही १९२८ मध्ये वडील वारल्यावर वाडा आणि किताब काकांकडे गेला, कारण ती मुलगी होती. त्याच वर्षी व्हर्जिनियाची, व्हिटावरच बेतलेली ‘ऑर्लँडो’ ही कादंबरी आली. तिच्यातला नायक मध्येच स्त्री होतो, मालमत्तेचा खटला चालतो, आणि शेवटी घर त्या स्त्रीकडेच राहते. कायद्याने जे नाकारले ते मैत्रिणीने कादंबरीत परत दिले. ही कादंबरी निव्वळ प्रेमपत्र म्हणून वाचणे म्हणजे तिचा अर्धा अर्थ टाकून देणे.

कोणी म्हणेल, व्हायोलेटची हकिगत तर व्हिटानेच लिहून ठेवली होती. होय, पण ती कुलूपबंद ठेवली. मुलाने ती छापली १९७३ मध्ये, तिच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी. हयातीत तिने वाचकांसमोर ठेवल्या त्या कविता, कादंबऱ्या, प्रवासवर्णने आणि ‘ऑब्झर्व्हर’ या वृत्तपत्रातले बागकामाचे सदर. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: नोकरचाकरांत वाढलेल्या उमरावकन्येच्या एका वाड्याचे दुःख ते काय? तिला पैशाची, प्रतिष्ठेची ऊब होती, हे मान्यच करायला हवे. पण तिने तो सल कुरवाळत आयुष्य काढले नाही. ‘द एडवर्डियन्स’मध्ये तिने आपल्याच वर्गाचा पोकळ थाट उघडा केला; वुल्फ दांपत्याच्या होगार्थ प्रेसने काढलेली ही कादंबरी भरपूर खपली. व्हर्जिनिया तिची प्रकाशकही होती, हे प्रेमकथा सांगणारे बहुधा विसरतात. १९३० मध्ये तिने सिसिंगहर्स्टची पडझड झालेली वास्तू घेतली आणि पती हॅरॉल्ड निकोल्सनसह तिथे जी बाग उभी केली, ती पाहायला आजही लोक जातात.

तिला जाणून घ्यायचे असेल तर चरित्रे बाजूला ठेवून आधी तिची ‘ऑल पॅशन स्पेंट’ ही कादंबरी वाचावी. त्यात अठ्ठ्याऐंशी वर्षांची विधवा मुलांनी आखलेली व्यवस्था झिडकारून स्वतःच्या पसंतीच्या घरात राहायला जाते.