पॅलेस थिएटर कुणाचं?

कोल्हापूर म्हटलं की ऑफिस गँगचा वीकेंड प्लॅन ठरलेला असतो. अंबाबाईचं दर्शन, तांबडा-पांढरा रस्सा, चपलांची खरेदी आणि रविवारी रात्री परतीची गाडी. या यादीत खासबागेचा कोपरा कुणीच टाकत नाही. टाकायला हवा, कारण तिथे एका राजाने भन्नाट प्रयोग करून ठेवलाय.

राजर्षी शाहू महाराज १९०२ मध्ये युरोपला गेले होते. आपण परदेशातून येताना चॉकलेटं आणतो, महाराजांनी कल्पना आणल्या. आधी खासबागेत कुस्तीचं मैदान झालं आणि १९१५ मध्ये त्याला लागूनच पॅलेस थिएटर. एकीकडे लाल मातीत शड्डू, दुसरीकडे तिसरी घंटा. पैलवान आणि गायक नट एकमेकांचे सख्खे शेजारी!

१९५७ मध्ये या वास्तूला संगीतसूर्य केशवराव भोसले यांचं नाव मिळालं. केशवराव कोल्हापूरचेच, जन्म १८९० चा. १९०८ मध्ये त्यांनी हुबळीत ‘ललितकलादर्श’ ही स्वतःची नाटक कंपनी काढली, तेव्हा वय होतं सतरा. त्या वयात आपण क्लासच्या फीवरून घरी भांडत होतो. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत त्यांनी चक्क प्रतिस्पर्धी कंपनीच्या बालगंधर्वांसोबत ‘संयुक्त मानापमान’ केलं. केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी आणि उत्पन्न टिळक स्वराज्य फंडाला. इथे आपल्या ऑफिसात दोन डिपार्टमेंटं एका मीटिंगला धड एकत्र येत नाहीत! पुढच्या तीनच महिन्यांत, ४ ऑक्टोबरला केशवराव गेले. वय अवघं एकतीस.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री हे नाट्यगृह पेटलं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. छप्पर, रंगमंच, खुर्च्या, सगळं आगीत गेलं. त्या रात्री कोल्हापूरच्या माझ्या मावसभावाला फोनवर नीट बोलताच येईना. तो नट नाही, गायक नाही, बँकेत नोकरी करतो. कॉलेजात असताना राज्य नाट्य स्पर्धेत याच रंगमंचावर त्याने दीड मिनिटाची भूमिका केली होती. शिपायाची. तेवढ्या भांडवलावर तो आजही या नाट्यगृहाला ‘आमचं’ म्हणतो.

मला वाटतं, शाहू महाराजांचा खरा प्रयोग हाच होता. नाव पॅलेसचं, पण तिथे रांगेत बसून हसलेला-रडलेला प्रत्येकजण हळूहळू त्याचा मालक होऊन गेला.

आगीनंतर नाट्यगृह पुन्हा उभारण्याचं काम हाती घेतलं गेलं. दगड, लाकूड, पैसा यांची सोय सरकार लावेल. खुर्च्या भरायचं काम मात्र आपलं आहे, आणि ते फक्त कोल्हापूरकरांचं नाही. तुमच्या शहरातल्या नाट्यगृहात येत्या शनिवारी काय लागलंय, जरा बघा. एक तिकीट काढा, मोबाइल सायलेंटवर टाका आणि जाऊन बसा. एखादी जागा जळाल्यावर ‘आमची’ म्हणून हळहळण्यापेक्षा ती उभी असताना म्हटलेलं बरं, नाही का?