अढळपदाचा गैरसमज

१/ ध्रुवतारा अढळ आहे, हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होते, म्हणून दुर्बिणीचा अक्ष त्या ताऱ्यावर रोखला की काम संपले, असे सांगणारा मजकूर सध्या हातोहात फिरतो आहे. त्यातील पहिले विधान चूक, दुसरे अर्धवट आणि तिसरे नवशिक्याची रात्र वाया घालवणारे आहे. पूर्वजांच्या नावावर आळस खपवण्याचा हा उद्योग थांबावा, एवढ्यासाठी हा धागा.

२/ प्रश्न साधा आहे. पृथ्वी चार मिनिटांत एक अंश फिरते, म्हणून दुर्बिणीतला तारा पाहता पाहता निसटतो. इक्वेटोरियल माउंटचा एक अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर असतो. तेवढाच संथ फिरवला की तारा जागच्या जागी राहतो. ही समांतरता साधणे म्हणजे पोलर अलाइनमेंट. अक्षाची उंची आपल्या गावाच्या अक्षांशाइतकी ठेवायची. अंबरनाथजवळच्या पालेगावात ती सुमारे १९ अंश येते.

३/ आता तो 'अढळ' तारा. आज ध्रुवतारा खऱ्या खगोलीय ध्रुवापासून सुमारे ३७ कला दूर आहे. पूर्ण चंद्रबिंबाच्या व्यासापेक्षाही अधिक. अक्ष नेमका त्या ताऱ्यावर रोखला, तर इतर तारे मिनिटाला १० विकलांपर्यंत ढळतात. तीन मिनिटांचे छायाचित्र घ्यावे, तर ठिपक्याची रेघ झालेली असते.

आणि हे अंतर तरी कुठे स्थिर आहे? परांचन गतीमुळे ध्रुवबिंदूच आकाशात सरकतो. अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२ चे, म्हणजे इ.स. १०६० चे. त्या वर्षी हाच तारा ध्रुवबिंदूपासून जवळजवळ ६ अंश दूर होता आणि रोज त्याभोवती मोठा फेरा घेत होता. उत्तर दिशा ठरवण्याची आपली शास्त्रोक्त रीत ताऱ्यावर अवलंबून नव्हतीच. कात्यायन शुल्बसूत्रात ती दिली आहे: सपाट भूमीवर शंकू रोवावा, भोवती वर्तुळ काढावे, सकाळी आणि दुपारनंतर सावलीचे टोक वर्तुळाला जेथे स्पर्शते ते बिंदू जोडावेत. ती रेषा पूर्व-पश्चिम.

४/ मग पूर्वजांना काय ठाऊक होते? पुष्कळ, फक्त फिरत्या मजकुरात आहे ते नव्हे. भास्कराचार्यांच्या 'सिद्धान्तशिरोमणी'त (इ.स. ११५०) स्पष्ट मांडले आहे की निरक्षदेशी ध्रुव क्षितिजावर असतो, उत्तरेकडे जावे तसा वर चढतो आणि मेरूवर माथ्यावर येतो. त्याच ग्रंथात नाडीवलय यंत्र आहे: विषुववृत्ताच्या पातळीत बसवलेले चक्र आणि ध्रुवाकडे रोखलेला त्याचा आस. आजच्या माउंटचे तत्त्व याहून वेगळे नाही. जयपूरच्या सम्राट यंत्राची तिरकी भिंत २७ अंशांची आहे, कारण जयपूरचा अक्षांश तेवढा आहे. दिल्लीचे सम्राट यंत्र जसेच्या तसे उचलून तेथे ठेवले, तर ते चुकीची वेळ दाखवील. या विद्येत स्थळ बदलले की मांडणी बदलते. परंपरेने आपल्या हाती दिली ती ही रीत; तारा दिला नाही.

५/ हाच धडा पुण्याला मिळाला होता, आणि त्याचे पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीतून १८८८ मध्ये पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये वेधशाळा उभी राहिली. कावसजी दादाभाई नेगामवाला तिचे प्रमुख. डब्लिनच्या ग्रब यांनी घडवलेली तिची परावर्ती दुर्बीण, पुढे २० इंची आरशासह, त्या काळी भारतातील सर्वांत मोठी होती. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी नेगामवाला सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे उपकरणे घेऊन गेले. खग्रास अवस्था दोन मिनिटांच्या आसपास; तयारी त्याच्या कितीतरी आधीपासूनची.

१९१२ मध्ये ते निवृत्त झाले आणि वेधशाळा बंद पडली. उपकरणे कोडाईकनालला रवाना झाली. पुण्याच्या साडेअठरा अंशांवरून कोडाईच्या सव्वादहा अंशांवर, म्हणजे त्या दुर्बिणीचा अक्ष आठ अंश खाली आणणे आले. निर्णय सरकारचा होता, हे मान्य. तरीही माझे मत असे की महाराष्ट्राने त्या दिवशी यंत्रापेक्षा मोठे काही गमावले. अक्ष लावता येणारी दुसरी पिढी तेथे घडायला हवी होती. एका माणसाबरोबर विद्याही निवृत्त झाली. भास्कराचार्यांच्या जयघोषात नेगामवालांचे नाव कितीदा ऐकू येते, हे ज्याने त्याने आठवून पाहावे.

६/ आक्षेप ठरलेला आहे: मोबाइलमधले अ‍ॅप सगळे करते, मग शिकायचे कशाला? अ‍ॅप चांगलेच आहे. पण पालेगावच्या नव्या संकुलांत अनेकांच्या वाट्याला दक्षिणेची गॅलरी येते. तिथून ध्रुव दिसतच नाही. गच्चीवरून दिसला तरी १९ अंशांवर त्याचा प्रकाश डोक्यावरच्या हवेच्या तिप्पट थर ओलांडून येतो, आणि वक्रीभवनाने जवळजवळ ३ कला वर उचललेला असतो. वायव्येकडून उल्हासनगर-कल्याणचा उजेड आहेच. होकायंत्र ठेवावे, तर स्लॅबमधल्या सळया त्याची सुई ओढतात.

अशा वेळी ध्रुवाकडे न पाहताही अक्ष लावता येतो. थंडीच्या दिवसांत मृगातील बाणाच्या तीन ताऱ्यांपैकी सर्वांत आधी उगवणारा तारा घ्यावा. तो जवळजवळ विषुववृत्तावरच आहे. तो मध्यान्हवृत्तावर आला की क्रॉसहेअरच्या आयपीसमध्ये मधोमध धरावा. नळी किंचित उत्तरेला ढकलून आयपीसमध्ये उत्तर कोणती ते आधी ओळखावे, नाहीतर सारे उलटे होते. तारा दक्षिणेला ढळला, तर अक्ष पूर्वेकडे कललेला आहे. उत्तरेला ढळला, तर पश्चिमेकडे. मग पूर्व क्षितिजाजवळचा, विषुववृत्तालगतचा दुसरा तारा घ्यावा. तो उत्तरेला ढळला, तर अक्ष उंच आहे. दक्षिणेला, तर खाली. पहिल्या दिवशी यात दोन तास जातात, आठवड्याने अर्धा.

एकदा जमले की ट्रायपॉडच्या तीन पायांच्या खुणा गच्चीवर रंगाने करून ठेवाव्यात. सोसायटीचा आक्षेप येईल; तो निराळ्या धाग्याचा विषय.