‘प्रोरोग’ : विचारण्याच्या धातूतून निघालेले न विचारण्याचे क्रियापद

इंग्रजीत ‘प्रोरोग’ असे एक क्रियापद आहे. संसदेबाहेर ते फारसे कोणी वापरत नाही. अर्थ : सभागृहाचे सत्र समाप्त करणे. आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद ८५ आणि १७४ मध्येही ते आहे.

शब्द लॅटिन. ‘रोगारे’ म्हणजे विचारणे. रोमन लोकसभेपुढे कायद्याचा प्रस्ताव प्रश्नरूपानेच मांडला जाई. ‘प्रोरोगारे’ म्हणजे एखाद्याचा अधिकारकाल वाढवण्याविषयी लोकांना विचारणे. इसवी सन पूर्व ३२७-३२६ च्या सुमारास कॉन्सल पब्लिलियस फिलो नेपल्सजवळ वेढा घालून बसला होता. वर्षाची मुदत संपत आली, वेढा मात्र संपेना. तेव्हा लोकांच्या संमतीने युद्धसमाप्तीपर्यंत त्याचा अधिकार वाढवला गेला. पहिली ज्ञात मुदतवाढ ती हीच.

फ्रेंचमार्गे इंग्रजीत आल्यावर ‘लांबवणे’चे ‘पुढे ढकलणे’ झाले आणि मग ‘सत्र संपवणे’. अर्थ जवळजवळ उलटला. अर्थ बदलतात, त्याचे दुःख नाही. पण त्यातले ‘विचारणे’च नेमके गळून पडावे, हे मला साधे वाटत नाही. २०१९ च्या सप्टेंबरात बोरिस जॉन्सन यांच्या सल्ल्यावरून ब्रिटिश संसद पाच आठवड्यांसाठी अशीच बंद झाली. २४ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांनी ती कृती एकमताने बेकायदा ठरवली.

‘हा निव्वळ तांत्रिक शब्द आहे’ असे म्हणणाऱ्यांनी बिहारकडे पाहावे. सभागृहे चालू असताना अध्यादेश काढता येत नाही, आणि काढलेला अध्यादेश विधिमंडळ पुन्हा भरल्यावर सहा आठवड्यांत संपतो. यावरची युक्ती सोपी होती : सत्र समाप्त करायचे आणि तोच अध्यादेश पुन्हा जारी करायचा. १९६७ ते १९८१ या काळात तिथे २५६ अध्यादेश निघाले, त्यांतले काही चौदा-चौदा वर्षे जिवंत ठेवले गेले. आमदारांना विचारण्याची वेळच येऊ दिली नाही!

हे खणून काढले पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील प्राध्यापक डी. सी. वाधवा यांनी. नुसता ग्रंथ लिहून ते थांबले नाहीत, न्यायालयातही गेले. डिसेंबर १९८६ मध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने या प्रथेला घटनेशी केलेली लबाडी ठरवले.

त्यानंतर तीनच वर्षांनी, १९८९ पासून, त्याच बिहारात संस्कृत शाळांविषयीचा अध्यादेश पुन्हा पुन्हा निघू लागला. २०१७ साली सात न्यायाधीशांना तेच नव्याने सांगावे लागले.