कृषी-शिक्षकांचे मंडळ : वऱ्हाडातील शाळांची निकड

पेरलेले बी उगवले नाही म्हणजे शेतकरी त्याचे कारण शोधतो. बी जुने होते काय, ओल कमी पडली काय, की तिफणीने ते खोल गेले, हे पाहिल्यावाचून तो दुसऱ्यांदा पेरीत नाही. शाळांत पेरलेल्या कृषी-शिक्षणाच्या बाबतीत मात्र इतकी चौकशी क्वचितच झाली आहे. अमरावतीच्या शेजारीच असलेल्या वर्धा येथे 1937 साली भरलेल्या परिषदेने उद्योगातून शिक्षण देण्याचा विचार देशापुढे ठेवला. मुदलियार आयोगाने (1952-53) माध्यमिक शाळांतील सात विषयगटांत शेतीला एक स्वतंत्र गट दिला. कोठारी आयोगाने (1964-66) कार्यानुभवाचा पुरस्कार केला. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शाळेत व्यवसायशिक्षण आणण्याचा आग्रह धरला आहे. विचार प्रत्येक वेळी योग्यच होता. परंतु तो ज्याच्या हातून शेतात उतरावयाचा, त्या शिक्षकाच्या पाठीशी कोण उभे राहणार, ह्या प्रश्नाकडे पुरेसे लक्ष दिले गेले नाही.

एकाकी शिक्षक

शाळेत गणित वा भाषा शिकविणारे शिक्षक दोनचार असतात. त्यांना एकमेकांशी विचारविनिमय करता येतो. शेतीचा विषय बहुधा एकाच शिक्षकाकडे येतो, आणि कित्येकदा तोही मूळचा दुसऱ्याच विषयाचा असतो. त्याची अडचण अशी की, त्याचा वर्ग ऋतूवर चालतो आणि शाळा वेळापत्रकावर. विदर्भातील शाळा जूनअखेरीस उघडतात. तोवर मृगाच्या पावसावर पेरणी सुरू झालेली असते. सोयाबीन काढणीला येते आणि दिवाळीची सुटी तोंडावर येते. उन्हाळ्यात शाळेची परसबाग कोणी जगवावयाची, हे कोणत्याच परिपत्रकावरून ठरत नाही. अशा स्थितीत उत्साही शिक्षक दोन वर्षे स्वतःच्या हिंमतीवर काम करतो, त्याची बदली होते, आणि वाफ्यांत पुन्हा गवत माजते. ह्यात दोष त्याच्या निष्ठेचा नव्हे. त्याने मिळविलेला अनुभव पुढच्याच्या हाती देणारी व्यवस्था नाही, हा खरा दोष होय.

विज्ञान व गणित ह्या विषयांच्या अध्यापकांनी महाराष्ट्रात आपापली मंडळे उभारली आहेत. वेतन व सेवाशर्तींसाठी शिक्षकांच्या संघटना आहेत. विधान परिषदेत अमरावती विभागाचा शिक्षक मतदारसंघही आहे. कृषी-शिक्षकाला हवे आहे ते पहिल्या प्रकारचे मंडळ : मागण्यांसाठी नव्हे, तर विषयासाठी एकत्र येणारे.

एक पुस्तक, अनेक जमिनी

वऱ्हाडात तर ही गरज अधिक आहे. वरुड-मोर्शीच्या मुलाच्या घरी संत्र्याची बाग असते. डिंक्या रोग ओळखणे हा त्याच्यासाठी पहिल्या प्रतीचा पाठ होय. दर्यापूर-मूर्तिजापूरकडील खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी पिकाला देण्याआधी त्यातील क्षार जाणून घ्यावे लागतात, आणि पावसाचे पाणी शेततळ्यात धरून ठेवणे हीच तेथील विद्या ठरते. मेळघाटात कोदो-कुटकीचे शेत व जंगल एकमेकांना लागून असते. मुंबई-पुण्यात तयार झालेले एकच पुस्तक ह्या तिन्ही ठिकाणी सारखेच उपयोगी पडेल, ही अपेक्षा व्यर्थ आहे. परंतु ह्या तिन्ही भागांतील शिक्षक वर्षातून दोनदा एकत्र बसले, तर ज्याच्या-त्याच्या मातीला जुळणारे पाठ ते स्वतःच तयार करू शकतील.

असे पाठ घराला किती उपयोगी पडू शकतात, ह्याची उदाहरणे दूर शोधावी लागत नाहीत. 2020 च्या खरिपात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी विदर्भात ठिकठिकाणी झाल्या व अनेकांवर दुबार पेरणीची पाळी आली. घरचे 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावे, आठवड्याने मोजावे, आणि 70 हून कमी उगवले तर ते बी पेरण्यापूर्वी विचार करावा, ही चाचणी सातवीची मुलगीही करू शकते. गुलाबी बोंडअळीने 2017 मध्ये पऱ्हाटीचे मोठे नुकसान केले. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी आठ वा अधिक पतंग सापडले म्हणजे उपाय योजण्याची वेळ आली, हे गणित वर्गात शिकविता येते. त्याच वर्षी शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर दगावले. औषधाच्या डब्यावरील लाल, पिवळा, निळा व हिरवा हे त्रिकोण विषाची उतरती तीव्रता दाखवितात, एवढे जरी घरातील एका मुलाला वाचता आले, तरी बापाला वेळीच सावध करणारे कोणी तरी घरात असेल. विद्यार्थ्यांनी मात्र फवारणीला हात लावू नये, हा दंडकही मंडळानेच सर्व शाळांसाठी घालून दिला पाहिजे.

मंडळाने काय करावे

मंडळाची कामे मोजकी व निश्चित असावीत. पहिले, मे महिन्यात पेरणीपूर्व व दिवाळीनंतर रब्बीसाठी अशी दोन शिबिरे भरवावीत. दुसरे, प्रत्येक शाळेच्या जमिनीची, पाण्याची व घेतलेल्या पिकांची नोंदवही ठेवण्याचा नमुना ठरवावा. शिक्षक बदलला तरी वही शाळेत राहील. तिसरे, सुटीत परसबाग सांभाळण्यासाठी पालकांशी करावयाची व्यवस्था एकमेकांच्या अनुभवावरून बसवावी. चौथे, अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आणि दुर्गापूर (बडनेरा), घातखेड व सिसा (उदेगाव) येथील कृषी विज्ञान केंद्रे ह्यांच्याशी शाळांचा नित्य संबंध जोडावा. विद्यापीठाच्या शिवारफेरीस एकटा शिक्षक जातो तेव्हा तो प्रेक्षक असतो. मंडळ जाते तेव्हा ते प्रश्न घेऊन जाते.

अमेरिकेचा अनुभव येथे विचारात घेण्याजोगा आहे. तेथे 1917 च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने शाळांतील कृषी-शिक्षकांच्या वेतनास व प्रशिक्षणास केंद्राचे साह्य दिले, आणि विद्यार्थ्याने वर्षातून किमान सहा महिने देखरेखीखाली प्रत्यक्ष शेतीकाम करावे, अशी अट घातली. तरीही तेवढ्यावर तेथील शिक्षक थांबले नाहीत. 1948 मध्ये त्यांनी आपली राष्ट्रीय संघटना स्थापन केली आणि ती आजही कार्य करीत आहे. कायद्याने पैसा दिला तरी परस्परांचा आधार शिक्षकांनाच उभारावा लागला.

दोन आक्षेप

शेतकऱ्याच्या मुलाला शेती शाळेत कशाला शिकवावी, असे काही पालक विचारतात. मूल शेतातून सुटावे म्हणूनच त्यांनी त्याला शाळेत घातलेले असते, आणि त्यांच्या ह्या म्हणण्यामागे कोरडवाहू शेतीतील वर्षानुवर्षांची होरपळ आहे. ते हसण्यावारी नेणे योग्य नव्हे. परंतु वखर व डवरा धरता येणे आणि माती-परीक्षणाचा अहवाल वाचता येणे, ह्यांत अंतर आहे. पहिले घरी मिळते, दुसरे शाळेनेच द्यावयाचे असते. मुलगा पुढे शेती करो वा न करो, हे ज्ञान त्याच्या घराला उपयोगी पडल्यावाचून राहत नाही.

दुसरा आक्षेप असा की, मंडळे निघतात आणि पदाधिकाऱ्यांच्या नावांपुरती उरतात. ही भीती निराधार नाही. म्हणूनच आरंभ लहान असावा : एका तालुक्यातील दहा शाळा, एक नोंदवही, एक शिबिर. नियम व पदे मागाहून येतील.

डॉ. पंजाबराव देशमुख ह्यांनी 1932 मध्ये अमरावतीस श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन केली, आणि केंद्रीय कृषिमंत्री असताना 1955 मध्ये भारत कृषक समाज उभारला. शेतकऱ्याला शाळा हवी आणि संघटनाही हवी, हे त्यांनी वऱ्हाडाला दाखवून दिले. शाळा व शेत ह्यांच्या बांधावर उभा असलेला कृषी-शिक्षक मात्र अद्याप एकटाच आहे. येत्या मृगापूर्वी अमरावती व अकोला जिल्ह्यांतील मुख्याध्यापकांनी आपल्या ह्या शिक्षकांना एक दिवस एकत्र बसण्याची सवड दिली, तर त्या कामास प्रारंभ होईल.