भाच्याची गाडी आणि आमची वही

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही जळगावहून धुळ्याला आपांकडे गेलो होतो. चहाचा कप खाली ठेवतो न ठेवतो तोच भाच्याने मोबाईल आमच्या पुढे धरला. फोटोत एक लाल गाडी उभी होती.

"मामू, ही बघा. स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस. टर्बो आहे. दोन लाख ऐंशी हजार म्हणतोय."

भाचा सव्वीस वर्षांचा. डी.फार्म. झालेला, औषधांच्या एजन्सीत नोकरी करतो, महिन्याला अठ्ठावीस हजार घरी आणतो. सिगारेट नाही, तंबाखू नाही. चार वर्षे पोटाला चिमटा घेऊन त्याने तीन लाख साठवले, ते स्वतःचे मेडिकल दुकान टाकायला. दुकानाच्या डिपॉझिटचे हेच पैसे आता त्या लाल गाडीकडे निघाले होते.

रात्री तो झोपल्यावर आपा म्हणाल्या, "भाई, तूच समजव त्याला. मी बोलले की त्याला वाटते, अम्मीला गाडीतले काय कळते!"

खरे सांगायचे तर नाही म्हणायला आमची जीभ रेटेना. तरुणपणी आम्हीही आग्रा रोडवर उभे राहून जाणाऱ्या गाड्यांची नावे मोजली आहेत. मनातली हौस म्हणजे गुन्हा नव्हे. सकाळी आम्ही त्याला एवढेच म्हणालो, "बेटा, घ्यायची की नाही ते नंतर ठरवू. आधी वही आण." पंधरा-वीस वर्षे वर्गात गणित शिकवल्यावर माणसाला दुसरे काही सुचत नाही.

आधी गाडीविषयी. ही ऑक्टाव्हिया म्हणजे काही परक्या मुलुखातली गोष्ट नाही. आपल्या शेजारच्या औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, शेंद्रा वसाहतीतल्या कारखान्यात २००१ पासून या गाड्या तयार होऊ लागल्या. २००४ मध्ये तिचे आरएस हे वेगवान रूप आपल्याकडे आले. इंजिन १७८१ सीसीचे, ताकद दीडशे अश्वशक्तीची, आणि पेट्रोल इंजिनाला टर्बो. त्या काळी आपल्या रस्त्यांवर ही नवलाईच होती. भाच्याला मिळत असलेली गाडी २००५ ची.

टर्बो म्हणजे काय, हे आपांनीही विचारले. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एरवी सायलेन्सरमधून वाया जातो. टर्बोत तोच धूर एक लहान चक्र फिरवतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाचे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबते. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त जळते आणि ताकदही जास्त मिळते. हा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेऊ शकतो, आणि त्याला जपणारी वस्तू एकच, ती म्हणजे ऑईलचा पातळ थर. ऑईल जुने झाले, कमी पडले किंवा गाडी दामटून आणल्या आणल्या चावी बंद केली, की आतले तापलेले ऑईल जळून काजळी धरते. आपल्या खानदेशात मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो. धुळ्याहून पारोळा, एरंडोल करत दुपारी जळगावला पोहोचलेल्या अशा गाडीला बंद करण्याआधी मिनिटभर शांत चालू ठेवावे लागते. आधीच्या मालकांनी वीस वर्षे ही काळजी घेतली की नाही, हे फोटोत दिसत नाही.

मग आम्ही वर्षाचा हिशोब मांडला. भाचा आकडे सांगत गेला, आम्ही लिहीत गेलो.

पेट्रोल. महिन्याला आठशे किलोमीटर, म्हणजे वर्षाला ९,६०० धरले. अशी गाडी शहर आणि हायवे मिळून लिटरला दहा देईल असे धरले. टर्बोला ९५ ऑक्टेनचे पेट्रोल मानवते, त्याचा भाव ११० रुपये धरला. ९६० लिटरचे झाले १,०५,६०० रुपये.

ऑईल. फुल सिंथेटिक, दर पाच हजार किलोमीटरला, फिल्टरसकट. वर्षातून दोनदा, मिळून १०,०००.

टायर. चार टायरचे तीस हजार, तीन वर्षे चालतील असे धरून वर्षाला १०,०००.

विमा. फक्त थर्ड पार्टीचाच धरला. २०२२ च्या दरपत्रकात हजार सीसीच्या आतल्या खासगी गाडीला २,०९४ रुपये आहेत, तर पंधराशे सीसीच्या वर ७,८९७. जीएसटी धरून सुमारे ९,३००. गाडी दोन लाखांची झाली म्हणून विमा दोन लाखांच्या गाडीचा होत नाही. थर्ड पार्टीचा दर इंजिनावर ठरतो.

आरटीओ. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण. एप्रिल २०२२ मध्ये या नूतनीकरणाची फी ६०० वरून ५,००० झाली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्या गाड्यांसाठी १०,००० करण्यात आली. म्हणजे वर्षाला २,०००. पर्यावरण कर आणि नवी नंबरप्लेट वेगळी.

शेवटची ओळ दुरुस्तीची. इथे भाचा म्हणाला, "पाच हजार लिहा मामू, मित्राच्या गाडीला तेवढेच लागतात." मित्राची गाडी साधी, आठ वर्षांची. आम्ही त्याच्याच ओळखीच्या मिस्त्रींना फोन लावायला सांगितला आणि स्पीकर चालू ठेवला. मिस्त्री भला माणूस. म्हणाले, "टायमिंग बेल्ट कधी बदलला त्याचे बिल आहे का? नसेल तर आल्या आल्या बेल्ट आणि वॉटर पंप दोन्ही बदलावे लागतील. बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह वाकतात, इंजिन खोलावे लागते. कॉईल जातात, रबरी नळ्या तडकतात. आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते, जुने रबर त्याच्यासाठी बनलेले नाही. टर्बो गेला तर बोलायलाच नको. पार्ट धुळ्यात मिळाला नाही तर मुंबईला कुर्ल्याच्या जुन्या बाजारात माणूस पाठवावा लागेल."

आम्ही वर्षाला ४०,००० लिहिले. भाचा काही बोलला नाही.

बेरीज झाली १,७६,९००. महिन्याला सुमारे १४,७००. पगाराच्या निम्म्याहून जास्त. त्याच वहीत आम्ही दुसरा हिशोब केला. गाडीची किंमत दोन लाख ऐंशी हजार, आणि एकोणीस महिन्यांत तिच्यावर तेवढाच खर्च होणार. म्हणजे दीड वर्षानंतर जणू आणखी एक गाडी विकत घ्यायची, फक्त ती दारात दिसणार नाही.

वेगवान गाडी जुनी झाली की तिची किंमत उतरते, तिची भूक उतरत नाही. टायर, ऑईल, ब्रेक, टर्बो, सगळे तिला नवीन असताना जसे लागत होते तसेच लागते. विकणारा आजचा भाव सांगतो, गाडी मात्र जुन्या इतमामाने राहते. श्रीमंताघरची पाहुणी गरिबाच्या दारी आली तरी तिच्या सवयी बदलत नाहीत. आमचे अब्बा म्हणायचे, हत्ती घेणाऱ्याने आधी चाऱ्याचा भाव विचारावा.

भाचा हळूच म्हणाला, "थोडे पर्सनल लोन काढले तर?" तेव्हा मात्र आपा स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. हौसेसाठी व्याज भरायचे, ही गोष्ट या घरात पुढे गेली नाही.

तरीही आम्ही नाही म्हणालो नाही. पेट्रोल सोडले तर वर्षाचा खर्च ७१,३००, म्हणजे महिन्याला सुमारे सहा हजार. आम्ही म्हणालो, "बेटा, सहा महिने असे समज की गाडी दारात उभी आहे. दर महिन्याच्या पाच तारखेला सहा हजार वेगळ्या खात्यात टाक. दुकानाच्या पैशांना हात लावायचा नाही. सहा महिने न चुकता जमले, तर आम्ही स्वतः तुझ्याबरोबर गाडी बघायला येऊ, मिस्त्रींना घेऊन."

बघायला जायचे कसे, तेही लिहून दिले. घरात अशी कोणाची हौस असेल तर वाचकांच्याही उपयोगी पडेल. गाडी सकाळी थंड असताना बघावी. मालकाने आधीच सुरू करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी यावे. सुरू होताना निळा धूर दिसला तर ऑईल जळते आहे. ऑईलची झाकणी उघडून आत काळा घट्ट थर दिसला तर परत फिरावे. टायमिंग बेल्टचे आणि ऑईलचे बिल मागावे; तोंडी सांगणे बिलाच्या जागी धरू नये. चेसिस नंबर आरसी बुकाशी जुळवावा, बाकी चलने आणि बँकेचा बोजा तपासावा. नोंदणीची मुदत कधी संपते ते बघावे आणि आरटीओत आजची फी विचारून घ्यावी. आणि खरेदीच्या किमतीच्या निदान तिसऱ्या हिश्श्याएवढी रक्कम हातात शिल्लक नसेल तर बयाणा देऊ नये.

या गोष्टीला आता पाच महिने झाले. ईद झाल्यावर भाच्याचा स्वतःहून फोन आला. "मामू, चार हप्ते भरले, चोवीस हजार आहेत. मार्चचा चुकला. रमजानचा खर्च होता, बहिणीला ईदी द्यायची होती." आम्ही म्हणालो, "ईदी दिलीस ते बरोबरच केलेस. पण गाडी असती तर तिला काय सांगितले असतेस?"

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग तो हसला आणि म्हणाला, "आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत एक गाळा रिकामा होतोय, मामू. सुट्टीत याल तेव्हा बघायला चला. वही घेऊन या."

गाडीचा विचार त्याने सोडला, असे तो म्हणाला नाही, आम्हीही विचारले नाही. लाल गाडीचा फोटो अजून त्याच्या मोबाईलवर आहे, असे आपा सांगतात. असू द्या. दुकान चालले, तर उद्या त्याच्या वहीत त्या गाडीलाही जागा होईल, इन्शा अल्लाह. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही धुळ्याला जाणार आहोत. गाळ्याचा हिशोब पुढच्या वेळी.